मॉडचिप : ती कशी बसते व कोठें अडते

हातांत धरून खेळावयाचीं विजेचीं यंत्रें आतां मोठ्या शहरांपुरतीं राहिलेलीं नाहींत. सुट्टींत पुण्या-नागपुराहून येणाऱ्या एखाद्या भावंडाबरोबर तीं अंजनगांवींही येतात, आणि त्यांच्यामागोमाग ‘मॉडचिप’ हा शब्दही येतो. ही चिप बसविली म्हणजे यंत्र ‘मोकळें’ होतें, एवढेंच बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असतें; आईबापांस तर तेवढेंही नसतें, आणि पैसे मात्र त्यांनींच द्यावयाचे असतात. म्हणून ही वस्तु काय आहे, ती कशी बसवितात आणि बसवून न चालल्यास दोष कसा हुडकतात, याची थोडी फोड करून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं निन्टेंडो कंपनीचें ‘स्विच’ हें यंत्र घेतों. तें ३ मार्च २०१७ रोजीं विक्रीस आलें.

बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आंत काय घडतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. या यंत्राचा मेंदू म्हणजे एनव्हिडिया कंपनीची टेग्रा एक्स-१ ही चिप. तिच्या पोटांत कारखान्यांतच कोरून ठेवलेली एक लहानशी आज्ञावली असते. तिला बूटरॉम म्हणतात. यंत्र एकदां विकलें गेलें कीं ही आज्ञावली कोणासही, खुद्द कंपनीसही, बदलतां येत नाहीं. वीज मिळतांच ती जागी होते, साठवणीच्या चिपेंतून पुढची आज्ञावली वाचते, आणि तिच्यावर कंपनीची सही आहे कीं नाहीं हें पडताळून पाहते. ही सही शाईची नव्हे, गणिताची आहे. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. सही जुळली तर पुढें जावयाचें, न जुळली तर जागच्या जागीं थांबावयाचें, असा नियम. पुढची आज्ञावलीही आपल्या पुढचीची तशीच झडती घेते. अशी ही द्वारपालांची रांग आहे. पहिला द्वारपाल फसला कीं मागच्या सर्वांचा पहारा फुकट.

आमच्या गांवाच्या उत्तरेस सातपुड्यांत गाविलगड उभा आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजी फौजेनें त्याच्या बाहेरच्या तटास पाडलेल्या खिंडारांतून हल्ला केला. परंतु आंतल्या किल्ल्याच्या तटास खिंडार नव्हतें आणि दरवाजाही बंद होता. तेव्हां कॅप्टन कँबेल याच्या तुकडीनें शिड्या लावून तो तट ओलांडला व दरवाजा आंतून उघडला. (पंधरा दिवसांनीं शिंद्यांशीं जो तह झाला त्यास आमच्या गांवाचें नांव मिळालें, हें विद्यार्थी इतिहासांत वाचतातच.) मॉडचिपेचें काम त्या शिडीचें आहे. गणिताची सही ती फोडीत नाहीं. तें तिच्या आवांक्याबाहेरचें आहे. ती त्या तपासणीस वळसा घालते.

‘स्विच’ यंत्रास पहिलें खिंडार मिळालें तें चिपेवांचूनच. एप्रिल २०१८ मध्यें असें उघड झालें कीं, दुरुस्तीसाठीं ठेवलेल्या यूएसबीच्या मार्गानें येणारा मजकूर किती लांब घ्यावा, याची तपासणी बूटरॉम नीट करीत नाहीं. ज्या यंत्रांत ही चूक कोरली गेली होती त्यांत ती कायमची राहिली. त्यानंतर बनलेल्या यंत्रांत कंपनीनें ती बुजविली, आणि २०१९ पासून नवीच घडण आणली. त्याच वर्षीं निघालेलें ‘लाइट’ व २०२१ मधलें ‘ओलेड’ हीं यंत्रें या नव्या घडणीचीं. यांस खिंडार नाहीं, म्हणून येथें शिडी लागते.

ती शिडी अशी. विहिरीवरचा पंप सुरू होतांच घरांतला दिवा क्षणभर मंदावतो, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगणें नलगे. चिपेच्या मेंदूस मिळणारी वीज अशीच क्षणभर खालीं ओढली, तर तो मरत नाहीं, पण अडखळतो. एखादी आज्ञा गाळून पुढें जातो. ‘सही जुळत नाहीं, थांब’ ही आज्ञा जेव्हां पाळावयाची नेमक्या त्याच निमिषास वीज ओढली, तर द्वारपाल थांबावयाचें विसरतो! हें निमिष सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही लहान असतें. तें साधण्यासाठीं मॉडचिप, मेंदू व साठवणीची चिप यांच्यामधल्या तारांस कान लावून बसते. मेंदूनें कोणता मजकूर मागितला हें तिला कळतें, तेथून ती काळ मोजते, आणि मॉस्फेट नांवाच्या इवल्याशा विजेच्या कळीनें मेंदूची वीज क्षणभर जमिनीस जोडते. लवकर झालें तर कांहींच घडत नाहीं, उशीर झाला तर यंत्र अडून बसतें. मग चिप त्यास पुन्हां पहिल्यापासून सुरू करते आणि वेळ किंचित् बदलून पाहते. पहिल्या दिवशीं असे पुष्कळ प्रयत्न होतात. जी वेळ साधली ती ती लक्षांत ठेवते, व पुढें बहुधा लवकरच काम उरकते.

अशा चिपा २०२० पासून विकत मिळूं लागल्या होत्या; परंतु हें खूळ शाळकरी मुलांपर्यंत पोहोंचलें तें निराळ्या कारणानें. रास्पबेरी पाय या ब्रिटिश संस्थेनें जानेवारी २०२१ मध्यें ‘पिको’ नांवाचा चार डॉलरचा बोर्ड काढला. त्यावर आरपी-२०४० ही चिप असते. ती मुळांत शिक्षणासाठीं व लहानसहान यंत्रें चालविण्यासाठीं केलेली. २०२३ मध्यें कांहीं हौशी लोकांनीं याच चिपेसाठीं वरील युक्तीची आज्ञावली फुकट उपलब्ध करून दिली. कांहींशे रुपयांत काम होऊं लागलें, आणि अनेक हजारांचें यंत्र त्या कांहींशे रुपयांच्या भरंवशावर उघडलें जाऊं लागलें.

आतां बसविण्याविषयीं. सर्वांत आधीं बॅटरीची जोडणी सोडवावी. यंत्र बंद दिसतें म्हणून वीज नाहीं असें समजूं नये. बाहेरच्या झांकणाचे तीन पाकळ्यांचे स्क्रू साध्या पेचकसानें फिरत नाहींत, आणि बळजबरी केली कीं त्यांचा माथा झिजतो. आंत पत्र्याचें झांकण, त्याखालीं उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी, व तिच्याखालीं मेंदू. मेंदूच्या कडेस मोहरीच्या दाण्याहूनही लहान कपॅसिटर असतात; मॉस्फेटची लवचीक पट्टी त्यांवर झाळावी लागते. याखेरीज सहा तारा : वीज, जमीन, यंत्र पुन्हां सुरू करण्याची एक, आणि कान लावण्याच्या तीन, म्हणजे घड्याळाची, आज्ञेची व मजकुराची. संत्र्याचा डोळा जंबुरीच्या खुंटावर बसविणारा माळी जसा साल किती उचलावी याचा विचार हातानें करतो, तसेंच हें काम आहे. पुस्तकानें तें येत नाहीं. तार शक्य तितकी आंखूड ठेवावी, कारण लांब तारेंत त्वरित बदलणारा संदेश विस्कटतो. मुलाम्याची तार वापरली तर तिच्या टोंकाचा मुलामा आधीं जाळून काढावा. वरून कथील चकाकतें आणि आंत मुलामा तसाच, असा सांधा डोळ्यांस उत्तम दिसतो व कामास शून्य असतो. ‘ओलेड’ यंत्रांत मजकुराची तार जेथें जोडावयाची ती जागा साठवणीच्या चिपेच्या पोटाखालीं आहे. तेथें पातळ पट्टी सरकवितात, आणि तीच पुढें हलून सर्वांस छळते.

आमच्या मतें या कामाचा खरा कस झाळण्यांत नाहीं, मोजण्यांत आहे. झाळण्यापूर्वींच मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून, जमीन व ती ती जागा यांमधला आंकडा कागदावर टिपून ठेवावा. झाळल्यावर तोच आंकडा पुन्हां आला तर जोड शेजारीं कोठें टेकलेला नाहीं. शून्य आलें तर तार कोठेंतरी जमिनीस टेकली आहे. नंतर तारेच्या दुसऱ्या टोंकाशीं मोजून पाहावें; तेथें मुळींच आंकडा न आल्यास जोड झालाच नाहीं, दुरुस्तीवाले ज्यास ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तें हेंच. ही दहा मिनिटांची टिपणी न करणारा मनुष्य पुढें दोन दिवस अंदाज बांधीत बसतो.

मगच बॅटरी जोडावी. यंत्र नेहमींसारखें सुरू झालें व मॉडचिपेचा दिवा लागलाच नाहीं, तर तिला वीजच पोहोंचलेली नाहीं. इतर जोडांकडे पाहण्यांत अर्थ नाहीं. दिवा लागला, प्रयत्नांमागून प्रयत्न चालले, पण यश येत नाहीं, असें असेल तर कान शाबूत आहेत व हात लुळा आहे, म्हणजे मॉस्फेट किंवा कपॅसिटरवरचा जोड तपासावा. उलट, ऐकण्याच्याच तारेंत दोष असेल तर चिप दिव्याच्या लांब-आंखूड लुकलुकीनें तसें कळविते. जुन्या तारमास्तरांस ही भाषा आवडली असती.

सर्वांत घाबरवणारी स्थिति म्हणजे यंत्र कोणत्याच रीतीनें सुरू न होणें. येथें धीर धरून एकेक गोष्ट वगळावी. पडद्याची फीत खांचेंत नीट बसली आहे काय? बॅटरी रिकामी तर नाहीं? पत्र्याचें झांकण तारांस दाबीत तर नाहीं? नंतर मॉडचिपेच्या तारा सोडवाव्या. मग यंत्र सुरू झालें तर दोष नव्या कामांत आहे, आणि तरीही न झालें तर मूळ बोर्डास इजा झाली असण्याचा संभव मोठा. सर्व ठीक असल्यास, मेमरी कार्ड न घालतां यंत्र सुरू करावें. पडद्यावर कार्ड नसल्याची सूचना उमटली कीं चिपेनें आपलें काम केलें. झांकण लावण्यापूर्वीं मेंदूवर उष्णतेची लेपी पुन्हां लावावयास मात्र विसरूं नये.

पालकांचा प्रश्न निराळा असतो : हें कायद्यास धरून आहे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घातलें गेलें. दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याच्या उद्देशानें जो असें संरक्षण चुकवील, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड त्यांत सांगितला आहे. येथें ‘उद्देश’ हा शब्द वजनदार आहे. स्वतः लिहिलेली आज्ञावली आपल्या यंत्रावर चालवून पाहणारा मुलगा आणि विकत न घेतलेले खेळ भरून देणारा दुकानदार, यांस आम्ही एका तागडींत घालणार नाहीं. पण बहुतेक मुलें चिप मागतात तीं फुकट खेळांसाठीं, हें डोळ्यांआड करण्यांत अर्थ नाहीं. अशीं साधनें विकणाऱ्या टोळींतील एका माणसास अमेरिकेंत फेब्रुवारी २०२२ मध्यें चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. याशिवाय बदललेलें यंत्र आढळल्यास कंपनी त्यास आपल्या जाळ्यावरून कायमचें बाद करते, तें वेगळेंच. ज्यास केवळ हात बसवावयाचा आहे त्यानें दुरुस्तीच्या दुकानांतून मेलेल्या मोबाइलचा बोर्ड आणावा आणि त्यावर पन्नास तारा झाळून पाहाव्या. त्यांतील पांच तुटल्या तरी घरांत कोणी रागावत नाहीं.

ज्यांचें यंत्र आधींच उघडलेलें आहे त्यांनीं दुसरें कांहीं करण्यापूर्वीं साठवणीच्या चिपेची पूर्ण प्रत काढून घ्यावी. जुन्या यंत्रांत व ‘लाइट’मध्यें ती ३२ गिगाबाइटची, ‘ओलेड’मध्यें ६४ ची, कार्ड त्याहून मोठें लागतें व वेळही बराच जातो. मित्राच्या यंत्राची प्रत उसनी घेऊन भागत नाहीं, कारण प्रत्येक यंत्राच्या गुप्त किल्ल्या त्याच्या त्याच्याच असतात.