‘फॉरबिडन प्लॅनेट’चे ध्वनिविश्व : संगीत की ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’?

एमजीएम या अमेरिकन चित्रसंस्थेने १९५६ साली प्रदर्शित केलेल्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या विज्ञानपटाच्या श्रेयनामावलीत लुई व बेबे बॅरन या दांपत्याचे नाव आढळते. परंतु त्यांच्या कार्याला तेथे ‘संगीत’ म्हटलेले नाही. ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असा काहीसा अवघडलेला शब्दप्रयोग त्यासाठी योजलेला आहे. संपूर्णतः इलेक्ट्रॉनिक ध्वनियोजना असलेला हा पहिला पूर्ण लांबीचा व्यावसायिक चित्रपट मानला जातो. अशा कृतीला संगीताचे नाव का नाकारले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅरन दांपत्याचा स्टुडिओ न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात होता. नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) या ग्रंथात सजीव आणि यंत्र यांच्यातील नियंत्रण व संदेशवहनाचा एकत्रित विचार मांडलेला आहे. त्यापासून प्रेरणा घेऊन लुई व्हॅक्यूम ट्यूबची सर्किटे जुळवीत व त्यांवर क्षमतेपेक्षा अधिक भार टाकीत. सर्किट चीत्कारे, थरथरे आणि अखेरीस जळून जाई. तोच ध्वनी पुन्हा निर्माण करणे बहुधा अशक्यच असे. म्हणून सर्व काही फितीवर मुद्रित केले जाई. तासन्‌तास फिती ऐकून त्यांतील उपयुक्त अंश निवडण्याचे काम बेबे यांचे. पुढे फितीची गती बदलणे, ती उलटी वाजविणे, प्रतिध्वनी मिसळणे हे संस्कार होत. मूग यांचा सिंथेसायझर १९६४ मधला. म्हणजे या दांपत्यापुढे सुरांची पट्टीसुद्धा नव्हती. प्रत्येक सर्किटाकडे ते एखाद्या पात्राप्रमाणे पाहत.

या पद्धतीमुळे एक मूलभूत भेद पुसला गेला. यान ग्रहावर उतरताना ऐकू येणारा नाद यानाचा की वाद्यवृंदाच्या जागी योजलेला, हे श्रोत्यास सांगता येत नाही. (आपली ‘पार्श्वसंगीत’ ही संज्ञाही येथे अपुरी पडते, कारण हा ध्वनी पार्श्वभागी राहतच नाही.) नेमकी हीच बाब अडचणीची ठरली. बॅरन दांपत्य वादकांच्या संघटनेचे सभासद नव्हते. संघटनेशी वाद उद्भवू नये म्हणून ‘संगीत’ हा शब्द टाळला गेला आणि संगीताच्या ऑस्करसाठी ही कृती विचारातच आली नाही. सौंदर्यशास्त्रीय वाटणाऱ्या या नामकरणामागे व्यावसायिक कारण होते, हे अभ्यासकांनी ध्यानात घेतले पाहिजे.

१९७६ साली, चित्रपटानंतर वीस वर्षांनी, या दांपत्याने ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रकाशित केली. दृश्याचा आधार सुटल्यावरही रचना टिकते, हे तीवरून स्पष्ट झाले. दरम्यान बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर यांनी १९६३ साली ‘डॉक्टर हू’ची शीर्षकधून फितीचे तुकडे जोडून सिद्ध केली होती. तिला बॅरन यांचे अनुकरण म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र अपरिचित विश्वाचा आवाज इलेक्ट्रॉनिकच असावा, ही प्रेक्षकांची अपेक्षा घडविण्यात ‘फॉरबिडन प्लॅनेट’चा वाटा निश्चितच मोठा आहे. आज ध्वनिसंयोजक व संगीतकार यांची क्षेत्रे अनेक चित्रपटांत परस्परांत मिसळलेली दिसतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश २०१३ मध्ये झाला. लुई १९८९ मध्ये व बेबे २००८ मध्ये निवर्तल्या होत्या. हॉलिवूडचा दुसरा चित्रपट या दांपत्याच्या वाट्याला आला नाही.