भाजणी आणि पहिला घाणा

दिवाळीच्या आधीचा रविवार. पुण्याहून आणलेल्या भाजणीचं पीठ मळून सौ.ने एकच चकली तेलात सोडली. ती विरघळली! "मोहन जास्त झालंय," म्हणत तिने पिठात आणखी भाजणी मिसळली, पुन्हा एक चकली तळून बघितली आणि मगच घाणे काढायला घेतले. ऑफिसचं ओझं डोक्यावर घेऊन तिथेच उभे असलेले आम्ही मनात म्हटलं, हे आपल्याला का जमलं नाही?

त्या वर्षी आमच्या प्रकल्पात 'अ‍ॅजाइल' पद्धत आली होती. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी तिचा जाहीरनामा लिहिला. थोडं काम करा, दाखवा, चुका सुधारा, पुढे चला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं त्यांना जास्त मोलाचं वाटलं. पण आराखड्यालाही मोल आहे, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं होतं. आम्ही नेमकं तेवढंच विसरलो. ग्राहकांच्या नोंदी कशा साठवायच्या हे 'पुढे बघू' म्हणून सोडून दिलं. आठ महिन्यांनी सगळा पायाच उखडावा लागला. त्या धावपळीत एका तरुण सहकाऱ्याची रजा आम्ही रद्द केली आणि त्याचं स्वतःच्या मुलीचं बारसं चुकलं. तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

खरं तर धडा आमच्या दारातच होता. जून 1975 मध्ये सिंगापूरने शहराच्या मध्यभागी सकाळी गाडी आणण्यासाठी परवाना लावला. दिवसाला तीन डॉलर, महिन्याला साठ. परवाना म्हणजे काचेवर लावायचा साधा कागद, तपासायला माणसं उभी. गर्दी पाव हिस्सा ते तीस टक्के कमी व्हावी असा बेत होता, ती चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. म्हणजे अंदाज चुकलाच! शिवाय साडेनऊला मुदत संपली की गाड्यांचा लोंढा आत शिरायचा. मग त्याच वर्षी वेळ सव्वादहापर्यंत वाढवली. शहराच्या कडेला गाडी ठेवून बसने जावं म्हणून मोठे वाहनतळ बांधले होते, पण तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. सकाळची गर्दी हटली की संध्याकाळचीही हटेल, ही अपेक्षाही फोल ठरली. 1989 मध्ये संध्याकाळीही परवाना लागू झाला. 1998 मध्ये कागद गेला, कमानी आल्या आणि दर तीन महिन्यांनी गाड्यांचा वेग तपासून दर ठरवायची पद्धत पडली. मोठ्या रस्त्यांवर ताशी वीस ते तीस किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर पंचेचाळीस ते पासष्ट, एवढा वेग राहिला पाहिजे. वेग घसरला की दर चढतो, रस्ता मोकळा असला की उतरतो.

मंडळी, लक्षात घ्या, वेगाचं उद्दिष्ट पक्कं, दर मात्र बदलता.

याच शहरात मेट्रो मात्र अशी 'करून बघितली' नाही. नुसत्या बसगाड्यांवर भागेल का, यावर तज्ज्ञांचे वाद झाले. वर्षानुवर्षं खल करून 1982 मध्ये निर्णय झाला आणि नोव्हेंबर 1987 मध्ये यो चू कांग ते तोआ पायो ही पहिली गाडी धावली. कारण उघड आहे. दर तीन महिन्यांत बदलता येतो, बोगदा नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो: हे चुकलं तर परत फिरायला काय पडेल? फार पडणार असेल तर तो बोगदा. त्यावर आधी आठवडाभर बसायचं, भांडायचं, कागदावर उतरवायचं. थोडक्यात निभावणार असेल तर तो दर. त्यावर बैठका नकोत, पंधरा दिवसांत करून बघायचं. आणि चुकीची भरपाई कुणाच्या घरच्या कार्यातून होणार असेल, तर तोही बोगदाच समजायचा.

भाजणी एकदा दळून आली की त्यातली डाळ कमी-जास्त करता येत नाही. मोहनाचं मात्र पहिल्या चकलीवर ठरतं. सौ.ला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाली, "आईने. आणि विरघळलेल्या चकल्यांनी."