विश्लेषण : गेम एकच, किंमत देशागणिक वेगळी… असे का?

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा लोकप्रिय गेम अमेरिकेत १४.९९ डॉलरला मिळतो. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ही किंमत जवळपास १,२७५ रुपये होते. भारतात मात्र ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात तोच गेम ४८० रुपयांना मिळतो. दुसरीकडे, प्लेस्टेशन ५ बरोबर आलेला ‘डेमन्स सोल्स’ अमेरिकेत ६९.९९ डॉलरला, तर भारतात ४,९९९ रुपयांना होता. त्या वेळी डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे इथे सवलत जवळपास नव्हतीच. हा फरक कोण ठरवते आणि भारतातील स्वस्ताई टिकेल का, याचा हा आढावा…

किंमत कोण ठरवते?

किंमत ठरवण्याचा अधिकार गेमच्या प्रकाशकाचा असतो. स्टीम हे केवळ दुकान आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने भारतात रुपयांत विक्री सुरू केली. त्याआधी भारतीयांना डॉलरमध्ये पैसे भरावे लागत. स्टीम चालवणारी ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी प्रकाशकांना प्रत्येक चलनासाठी किमतीची शिफारस करते. त्यात केवळ विनिमय दर नव्हे, तर त्या देशातील लोकांची क्रयशक्तीही विचारात घेतली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये या शिफारशी बदलल्या, तेव्हा भारतासाठीचा आकडाही वाढला. मात्र शिफारस पाळायची की नाही, हे प्रकाशकच ठरवतो.

स्वस्त विकणे परवडते कसे?

मुंबईतील मल्टिप्लेक्सचे तिकीट आणि तालुक्याच्या गावातील चित्रपटगृहाचे तिकीट सारखे नसते, पण पडद्यावरचा सिनेमा तोच असतो. डिजिटल गेमचेही तसेच आहे. गेम तयार करायला वर्षे आणि मोठी रक्कम लागते, पण एकदा तो तयार झाला की आणखी एक प्रत विकण्याचा खर्च नगण्य असतो. त्यामुळे भारतात १,२७५ रुपये किंमत ठेवून ग्राहक गमावण्यापेक्षा ४८० रुपयांत जास्त ग्राहक मिळवणे फायद्याचे ठरू शकते.

गणित नेमके कसे?

४८० रुपयांच्या एखाद्या गेममधून १८ टक्के जीएसटी वजा केला, तर सुमारे ४०७ रुपये उरतात. स्टीमचे सर्वसाधारण कमिशन ३० टक्के आहे. ते गेल्यावर प्रकाशकाच्या हाती सुमारे २८५ रुपये येतात. १४.९९ डॉलर या अमेरिकी किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. त्यातून कमिशन गेल्यावर साधारण ८९० रुपये उरतात. म्हणजे एका अमेरिकी ग्राहकाची भरपाई करायला तीन भारतीय ग्राहक लागतात. भारतातील स्वस्त किंमत या ‘एकास तीन’च्या अपेक्षेवर उभी आहे.

मग मोठे गेम महाग का?

मोठ्या बजेटचे गेम आधीच महाग होत आहेत. अमेरिकेत सुमारे पंधरा वर्षे ६० डॉलर हीच प्रमाण किंमत होती. २०२० मध्ये नव्या कन्सोलबरोबर ती ७० डॉलरवर गेली. २०२५ मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला आणला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘द आउटर वर्ल्ड्स २’ची किंमत ८० डॉलर जाहीर केली, पण नंतर ती पुन्हा ७० डॉलरवर आणली. कन्सोल घेण्यासाठीच मोठी रक्कम मोजलेला ग्राहक गेमलाही पैसे देईल, असे कंपन्यांचे गृहीतक दिसते. त्यामुळे त्याच्यासाठी किंमत उतरवण्याची निकड कमी असते.

तुर्कस्तान, अर्जेंटिनात काय झाले?

या दोन देशांत स्थानिक चलनामुळे गेम अतिशय स्वस्त मिळत. लिरा आणि पेसो घसरत गेले, तसे रुपांतरित मूल्य आणखी खाली आले. इतर देशांतील अनेकांनी व्हीपीएन वापरून आपले खाते तिथले असल्याचे दाखवले आणि स्वस्तात खरेदी केली. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये विक्री सुरू केली. अनेक गेमच्या किमती एका रात्रीत कित्येक पटींनी वाढल्या. फटका बसला तो तिथे खरोखर राहणाऱ्यांना.

भारतातही असे होऊ शकते?

रुपयाची घसरण पेसोसारखी नाही, त्यामुळे स्थिती तशी नाही. पण नियम तोच आहे. वरच्या उदाहरणात एका अमेरिकी ग्राहकाने भारतीय किमतीत गेम घेतला, तर प्रकाशकाला सुमारे ६०० रुपयांचा तोटा होतो. असे प्रकार वाढले की प्रकाशकाला स्वस्त किंमत नकोशी होते. म्हणूनच स्टीमवर खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो आणि त्या देशातील पेमेंट पद्धत वापरावी लागते. स्वस्त किंमत हा ग्राहकाचा हक्क नाही, तो प्रकाशकाने मांडलेला हिशेब आहे.

भारतीय गेमचे काय?

हाच हिशेब पुण्यातील कंपन्यांनाही चुकलेला नाही. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. हा कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाही जात नव्हता. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने वेगळी वाट धरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ मोबाइलवर मोफत आहे आणि कमाई गेममधील वस्तूंच्या विक्रीतून होते. गेम बनवायचा तर एक तर परदेशी ग्राहक शोधा, नाहीतर किंमतच शून्य ठेवा, असे हे दोन मार्ग आहेत. भारतात पैसे देऊन गेम घेणाऱ्यांची संख्या वाढली, तरच तिसरा मार्ग खुला होईल.

खरेदी करताना काय पाहावे?

घाई नसेल तर थांबणे फायद्याचे. स्टीमवर वर्षात चार मोठे हंगामी सेल असतात. गेम विशलिस्टमध्ये ठेवला की सवलतीची सूचना मिळते. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. मात्र किमतीइतकीच दुसरी बाब महत्त्वाची आहे. पैसे भरून मिळतो तो गेम नव्हे, तर तो खेळण्याचा परवाना. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच हे स्पष्ट सांगते. ‘युबिसॉफ्ट’ने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यामुळे सतत इंटरनेट लागणारा गेम घेताना, तो ४८० रुपयांचा असो वा ४,९९९ चा, नेटशिवाय चालतो का, हे आधी तपासलेले बरे.