कपाटातल्या सिनेमाच्या डिस्क फोनवर कशा आणायच्या?

आजचा विषय, घरातल्या जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, डिस्कवर चरे वाढतायत. त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका. साधा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो.

आधी व्हीसीडी. एकीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून एक सिनेमा दोन-तीन डिस्कवर असतो. आत डॅट फाइल असते, व्हीएलसीत थेट चालते. पण व्हिडिओ जास्त मावावा म्हणून इथे एरर करेक्शन कमी ठेवलंय, त्यामुळे छोट्या चऱ्यानेही कॉपी अडकते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं तर नवा चरा डेटाच्या रेषेवरूनच लांबवर जातो.

डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही. चित्र, आवाज, सबटायटल जसंच्या तसं एका फाइलमध्ये येतं. फाइल काही जीबींची होते. फोनसाठी हँडब्रेकने लहान करा, पण मूळ फाइल हार्ड डिस्कवर राहू द्या.

मग जेलीफिन. फाइलच्या नावात वर्ष घाला, जसं 'पिंजरा १९७२', म्हणजे सारख्या नावांचा गोंधळ होत नाही.

क्वालिटीचं काय? व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, फुल एचडीच्या जेमतेम विसावा भाग. फोनवर चालून जातं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच.

सुरुवात कुठून? जो सिनेमा कुठल्याच ॲपवर सापडत नाही, त्याची डिस्क आधी. आणि ही कॉपी घरापुरतीच हं, ग्रुपवर टाकायची नाही!