दारावरचं धान

आश्विन अर्धा सरला की दुर्ग जिल्ह्यातल्या बांध्या एका रंगाच्या राहत नाहीत. भिलाईहून उतई-पाटणच्या रस्त्याला लागलं, की उंचावरच्या मटासी जमिनीतलं लवकर येणारं धान सोनेरी झालेलं दिसतं, मधल्या डोरशातलं पोपटी-पिवळं, आणि खोलगट काळ्या कन्हारातलं अजून हिरवंगार, दुधावर आलेलं. लवकरच्या धानाला इथे हरुना म्हणतात, उशिराच्याला माई. दाराच्या तोरणासाठी हवं असतं ते हरुना, आणि तेही पुरतं पिकायच्या थोडंसं आधी.

भिलाईची ओळख पोलादाची. सोव्हिएत रशियाशी 1955 साली करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसं इथे आली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती, आमचंही त्यातलंच. सेक्टरांतल्या क्वार्टरमागे जी मोकळी जागा मिळाली तिची सगळ्यांनी बाडी केली: शेवगा, पपई, आळू, कढीपत्ता, कुंपणाशी पारिजातक. पण कारखान्याच्या भिंती आणि सेक्टरांचे रस्ते संपले की लगेच धान सुरू होतं. शरद ऋतू आमच्या घरात येतो तो त्या धानातून.

दिवाळीच्या आठवडाभर आधी सुपेल्याच्या बाजारात आणि पॉवर हाऊसला आसपासच्या गावांतल्या बाया धानाच्या लोंब्यांच्या विणलेल्या झालरी घेऊन बसतात. त्यांना फाता म्हणतात, पहटा म्हणतात, कुठे पिंजराही. बरीच वर्षं आम्ही ती विकतच आणत होतो. पण ती विणताना पाहायची आणि हाताने करून बघायची मला मनापासून इच्छा होती. पाटणच्या वाटेवरच्या एका गावातल्या काकींनी मला शेजारी बसवून घेतलं, तेव्हा पहिली गोष्ट कळली: या कामाचा निम्मा भाग विणण्यात नसतो, कापण्यात असतो.

कापायला जायचं दव असताना. ऊन चढलं की देठ कडक होतो आणि पिकलेला दाणा झडू लागतो. सकाळच्या ओलाव्यात देठ लवचीक असतो, लोंबी हलली तरी दाणा धरून राहते. काकी एकेक लोंबी तळहातावर घेऊन उलटवत होत्या. टोकाकडचे दाणे पिवळे आणि बुडाकडच्या दोन-चार दाण्यांवर हिरवी झाक, अशी लोंबी त्या निवडत. पूर्ण पिवळी सोडून देत, कारण ती घरी पोचेपर्यंत अर्धी रिकामी होते. फार हिरवी घेतली तर वाळताना दाणा सुरकुततो आणि झालरीला ते सोनं येत नाही. विळ्याने लोंबीखालचा देठ हातभर लांब ठेवून कापायचा. विणकाम सगळं देठाचं असतं, दाणा नुसता लोंबायचा. धुऱ्यावर बसूनच प्रत्येक देठावरचं पान आणि त्याचं आवरण सोलून काढायचं, म्हणजे आतली गुळगुळीत, पिवळट काडी मोकळी होते. मग लोंब्या लांबीप्रमाणे लावून मुठीमुठीच्या जुड्या करायच्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणायच्या.

पोतं ओलं हवं, पण निथळणारं नको. काडी पाण्यात भिजवली तर ती फुगते. फुगलेल्या काडीची वीण त्या वेळी घट्ट वाटते, आणि वाळली की ढिली पडते. नुसती दमट काडी मोडत नाही आणि वाळल्यावरही आपली जागा सोडत नाही. काकी मधूनमधून बोटं पाण्यात बुडवून काडीवरून फिरवत, तेवढंच.

विणीची सुरुवात तीन लोंब्यांनी होते. देठ आडवे, दाणे खाली. पहिला देठ दुसऱ्यावरून मागे घ्यायचा, तिसऱ्याखालून पुढे काढायचा, आणि प्रत्येक फेऱ्याला एक नवी लोंबी आत सरकवायची. वेणीत गजरा गुंफताना जशी बोटं चालतात तशीच ती इथेही चालतात. जुना देठ संपत आला की नव्याच्या पोटात दडपून टाकतात, त्यामुळे कुठेही गाठ दिसत नाही. दोरा नाही, तार नाही, डिंक नाही. वरच्या बाजूला काड्यांची पट्टी तयार होत जाते आणि खाली दाण्यांची दाट झालर. जाणकार हाताची खूण म्हणजे लोंब्यांमधलं अंतर. ते सारखं राहिलं तरच झालर भरलेली दिसते. काकी खाली बघतही नव्हत्या, अंगठा आपोआप अंतर मोजत होता. पट्टी दाराएवढी झाली की सरळ तोरण. तीच गोल वळवून, थरावर थर बांधत नेली की पिंजऱ्यासारखं झुंबर होतं. विणून झाल्यावर ते सावलीत टांगून वाळवायचं. कडक उन्हात रंग उडतो आणि दाणे तडकून गळतात.

हे काम दिवसेंदिवस अवघड होतंय, आणि त्याचं कारण शेतातच आहे. आता बऱ्याच बांध्यांत हार्वेस्टर फिरतो. यंत्र कापतं, तिथेच मळतं आणि ट्रॉलीत दाणा ओततं. लोंबी लोंबी म्हणून शिल्लकच राहत नाही. झालरीसाठी कोपऱ्यातली एखादी बांधी हाताने कापायला राखावी लागते. शिवाय सध्याच्या बहुतेक बुटक्या वाणांची काडी आखूड असते. काकींच्या घरी अजून उंच वाढणारं एक जुनं धान थोड्या जागेत पेरतात, मुख्यतः यासाठीच. रायपूरला डॉ. राधेलाल रिछारिया यांनी 1970च्या दशकात या भागातल्या गावांमधून धानाच्या 17 हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह उभा केला होता. त्यातलं काय शेतात राहिलं हे पाहायचं तर मला वाटतं बाजारातल्या या झालरी न्याहाळाव्यात. काळ्या टरफलाचं, लांब कुसळाचं, बारीक दाण्याचं धान अजूनही मधेच एखाद्या तोरणात दिसून जातं.

कापणी झालेल्या शेतात पडलेल्या लोंब्या वेचायला छत्तीसगढीत सिला बिनना म्हणतात, आपल्याकडे सरवा वेचणं. त्यावर पहिला हक्क गावातल्या गरजू बायाबापड्यांचा आणि पोरांचा. म्हणून आम्ही सरवा वेचत नाही, झालरीच्या लोंब्या शेतकऱ्याला विचारून आणि पैसे देऊन घेतो. वेचायला बाकी पुष्कळ असतं. तळ्याकाठी कमळाची बोंडं मिळतात, त्यांना इथे पोखरा म्हणतात. आतल्या हिरव्या बिया सोलून कच्च्याच खायच्या, मधला कडू कोंब तेवढा काढून टाकायचा. वाळलेली रिकामी बोंडं मुली रांगोळीशेजारी पणत्यांभोवती मांडतात. शिवनाथच्या काठी काशीचे पांढरे तुरे येतात, ते सेक्टर 6च्या कालीबाडीत दुर्गा बसते तेव्हा आमच्याही घरी फुलदाणीत असतात.

दसऱ्याला आपटा. इथेही लोक सोनपत्ती देतात आणि छत्तीसगढमध्ये ही चाल अठराव्या शतकात रतनपूरहून कारभार पाहणाऱ्या बिंबाजी भोसल्यांनी रुजवली, असं सांगतात. बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. आम्ही मात्र झाडाखाली उभं राहून घरातल्या माणसागणिक एकेकच पान खुडतो. सोनं वाटायला फांदी ओरबाडावी लागत नाही.

धानाचं तोरण लागतं ते धनत्रयोदशीच्या आधी. त्या दिवसांत बाया टोपलीत धान आणि त्यावर मातीचा पोपट ठेवून सुआ नाचायला दारोदार येतात, आणि आमच्या दाराशी आल्या की आधी तोरणाकडे बघतात. वीण कुठल्या गावची हे त्यांना कळतं. लक्ष्मीपूजनाला, म्हणजे इथल्या सुरहुत्तीला, आमच्या घरी लाह्या-बत्तासे आणि शेजारच्या छत्तीसगढी घरातून आलेली जिमीकंदाची आंबट भाजी. रात्री वस्तीत गौरा-गौरीची मातीची मूर्ती सजते. दुसऱ्या दिवशी राऊत नाचत येतात आणि गाईंच्या गळ्यात पळसाच्या मुळांच्या धाग्याची आणि मोरपिसांची सोहाई बांधतात. आमच्या पाडव्याच्या ओवाळणीत तो ढोल ऐकू येत राहतो.

पाहुणे पांगले की तोरणाचे खरे मालक येतात. आधी चिमण्या, मग ठिपकेवाल्या मनोल्यांचा थवा. मनोली लोंबीला उलटी लोंबकळून एकेक दाणा सोलते आणि टरफल खाली टाकते. आईने पहिल्या वर्षी उंबरठ्यावरचा तो कोंडा झाडता झाडता काकींना विचारलं, की तोरण वाचवायला जाळी लावू का? काकी म्हणाल्या, "चिरई मन घलो खाहीं." पाखरंही खातील की. पीक घरात आल्यावर पहिला घास पाखरांचा, म्हणून तर ते दारावर टांगायचं. ही सजावट खाऊन संपावी अशीच केलेली असते, आणि प्लॅस्टिकच्या सोनेरी झालरी मला न आवडण्याचं कारण तेच आहे. त्यांच्याकडे एकही पाखरू वळत नाही.

आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत तोरण ठेवतो. उसाच्या मांडवात आवळा, चिंच, बोरं ठेवताना उरलेल्यांतल्या भरलेल्या लोंब्या काढून घेतो आणि कापडी पिशवीत घालून कोरड्या डब्यात टाकतो. पुढच्या नवरात्रात घटाच्या मातीत त्याच पेरायच्या. त्या वेळी शेतात नवं धान आलेलं असतं, पण ताज्या दाण्याला बहुधा काही आठवडे सुप्तावस्था असते, तो लगेच उगवत नाही. डब्यातलं मागच्या वर्षीचं धान रात्रभर भिजवून पेरलं तर पाचव्या माळेपर्यंत बोटभर कोंब येतात.