टाक्यांची मालकीण

विणायला बसलेल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती टाके घालू?’ शेजारच्या काकू सांगतील तेवढे, नाहीतर पुस्तकात दिलेत तेवढे, हे त्याचं नेहमीचं उत्तर. पुढे स्वेटर अंगात शिरेना, किंवा गुडघ्यापर्यंत लोंबायला लागला, की दोष आपल्या हाताचा! एलिझाबेथ झिमरमन यांना हा सगळाच प्रकार नामंजूर होता. टाके किती घालायचे हे जी विणणार तिनेच ठरवावं, आणि त्यासाठी शाळेतलं शेकडेवारीचं गणित पुरतं, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं अमेरिकेतल्या बायकांच्या गळी उतरवता उतरवता त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका आडगावातून लोकर विकली, पुस्तकं लिहिली, टीव्हीवर विणकाम शिकवलं. विणण्याचं वेड असलेल्या बाईने छोट्या गावात लोकरीचं दुकान काढायचं म्हटलं, तर ते कसं चालतं हे समजून घ्यायला झिमरमनबाईंइतकं चांगलं उदाहरण नाही.

म्युनिकहून मिलवॉकीला

झिमरमनबाई जन्माने इंग्रज. जन्म ९ ऑगस्ट १९१०चा. विणकामाचे पहिले टाके घरातल्या बायकांनी शिकवले, ते इंग्रजी पद्धतीने, म्हणजे लोकर उजव्या हातात धरून. पुढे लोकर डाव्या हाताच्या बोटावर घेऊन नुसत्या सुईच्या टोकाने ती ओढून घ्यायची जर्मन पद्धत त्यांना सापडली आणि तीच त्यांनी आयुष्यभर वापरली. या पद्धतीत उजवा हात दर टाक्याला लोकर गुंडाळायला जात नाही, त्यामुळे वेग वाढतो. महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत जे जे जर्मन ते ते नकोसं झालं, त्यात ही पद्धतही मागे पडली. ती अमेरिकेत पुन्हा रुजवण्याचं श्रेय मुख्यतः झिमरमनबाईंना दिलं जातं.

शिक्षण मात्र चित्रकलेचं. आधी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आणि मग म्युनिकच्या कला अकादमीत. म्युनिकमध्ये आर्नोल्ड झिमरमन भेटले. ते बिअर बनवण्याच्या शास्त्रातले जाणकार. हिटलरची राजवट आल्यावर दोघांनी जर्मनी सोडली, लग्न केलं आणि १९३७ साली अमेरिका गाठली. काही वर्षांनी आर्नोल्डना मिलवॉकीच्या मोठ्या बिअर कारखान्यात काम मिळालं आणि कुटुंब विस्कॉन्सिनचं झालं. तीन मुलं, घरकाम आणि या सगळ्यात न थांबणाऱ्या सुया. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनही त्या विणत, ही त्यांची आठवण अमेरिकेतल्या विणणाऱ्या बायका अजून सांगतात.

एका फेरफाराची गोष्ट

धंद्याची सुरुवात झाली ती वैतागातून. झिमरमनबाई स्वेटर गोल विणायच्या. दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली गोल सुई घ्यायची आणि पिशवीसारखं सलग वर वर विणत जायचं. पाठ वेगळी, पोट वेगळं, बाह्या वेगळ्या, मग सगळं शिवा, ही भानगड नाही. शिवाय कामाची सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर राहते. नॉर्वेच्या पद्धतीची दोन रंगांची नक्षी विणताना याचा मोठा फायदा होतो, कारण उलट ओळीत नक्षी उलटी वाचावी लागत नाही. पुढून उघडा स्वेटर हवा असेल, तर गोल विणून झाल्यावर मधोमध शिवणयंत्राच्या दोन उभ्या शिवणी घालायच्या आणि त्यांच्यामधून चक्क कात्री चालवायची. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण टाके सुटत नाहीत.

अशा एका स्वेटरची कृती त्यांनी छापायला दिली. छापून आली तेव्हा संपादकांनी ती ‘वाचकांच्या सोयीसाठी’ बदललेली होती. गोल स्वेटरचे पुन्हा सपाट तुकडे झाले होते! मग बाईंनी ठरवलं, आपली कृती आपणच छापायची. १९५८ साली त्यांनी स्वतःचं छोटं पत्रक काढलं. त्याच वर्षी अमेरिकन नियतकालिकात छापून आलेला पहिला आरान स्वेटर त्यांच्या हातचा होता. आरान म्हणजे आयर्लंडजवळच्या बेटांवरची, दोरखंडासारखे पीळ असलेली वीण. १९५९ साली ‘स्कूलहाउस प्रेस’ची स्थापना झाली. बॅबकॉक गावाजवळच्या एका शाळेच्या इमारतीचं झिमरमन दांपत्याने घर केलं होतं, त्यावरून हे नाव. त्याच घरातून पत्रकं, पुस्तकं, सुया आणि लोकर टपालाने देशभर जायला लागली.

दुकानाचं खरं दुखणं

टपालच का, हे कळायला लोकरीच्या धंद्याचा हिशेब मांडून बघावा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमचे १० गुंडे. गिऱ्हाइकाला एका रंगाचे दहाही गुंडे एकाच रंगाईचे हवेत. एकाच रंगाची लोकर दोन वेगळ्या दिवशी रंगवली, तर दुकानात फरक दिसत नाही, पण स्वेटर उन्हात नेला की छातीवर पट्टा उमटलेला दिसतो. म्हणून वेष्टनावर लॉट नंबर छापतात. आता एका जाडीच्या लोकरीचे २० रंग ठेवायचे म्हटले, तर प्रत्येकी एका स्वेटरपुरते गुंडे धरून २०० गुंडे झाले. आणि ही एकच जाडी. तान्ह्या बाळाची मऊ बारीक लोकर वेगळी, शालीची वेगळी, जाड टोप्यांची वेगळी. भांडवल फडताळात अडकून पडतं आणि त्याला कसर लागायची भीती.

एवढा माल छोट्या गावातल्या गिऱ्हाइकांवर खपत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावात निव्वळ लोकरीचं दुकान सहसा दिसत नाही, त्याचं कारण हेच. लोकर मिळते ती फॉल, बटणं, लेस विकणाऱ्या मॅचिंग सेंटरमध्ये. दिवाळीनंतर ती पुढच्या फळीवर येते आणि संक्रांत झाली की माळ्यावर जाते.

झिमरमनबाईंनी या दुखण्यावर दोन उपाय केले. एक, गिऱ्हाईक गावापुरतं ठेवलं नाही. दोन, वाण मोजकं ठेवलं. आइसलँडची पीळ न दिलेली लोकर, शेटलंड बेटांवरची लोकर, अशी स्वतःच्या हाताने पारखलेली अस्सल लोकर. त्यांच्या काळात बाजारात कृत्रिम धाग्यांचा सुळसुळाट होता, पण त्या मेंढीच्या लोकरीवर ठाम राहिल्या. कारण लोकर ओढली तर ताणते आणि सोडली की मूळ आकारात येते, भिजली तरी ऊब देते, आणि कात्री लावलेल्या कडेला तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात.

शेकडेवारीचा स्वेटर

मात्र दुकान नुसत्या मालावर टिकलं नसतं. लोकरीबरोबर बाईंनी डोकं चालवण्याची सवय विकली, तीही जवळपास फुकट. त्यांची टक्केवारीची रीत अशी:

आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, वीतभर तुकडा विणायचा. तो सपाट ठेवून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. समजा ५ बसले आणि स्वेटरचा घेर ४० इंच हवा आहे. ५ गुणिले ४० म्हणजे २०० टाके. हे झाले शंभर टक्के. बाकी सगळं यावरून निघतं. मनगट २० टक्के, म्हणजे ४० टाके. दंडाजवळ बाही साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६६. काखेत बाजूला ठेवायचे टाके ८ टक्के, म्हणजे १६. गळा ४० टक्के, म्हणजे ८०. बस्स, झाला स्वेटर. कुणाचंही माप घ्या, कुठलीही लोकर घ्या, हिशेब हाच.

मापाच्या तुकड्याचा कंटाळा केला तर काय होतं, तेही याच आकड्यांवरून दिसतं. तुमचा हात थोडा घट्ट असेल आणि इंचात ५ ऐवजी साडेपाच टाके बसत असतील, तर तेच २०० टाके ४० इंचांऐवजी ३६ इंचांच्या आसपास भरतात. अर्ध्या टाक्याची चूक आणि साडेतीन इंचांची तूट.

त्यांची गोल शालही अशीच भूमितीतून आलेली. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो. म्हणून ९ टाक्यांनी सुरू करायचं, लगेच १८ करायचे, ३ फेऱ्यांनंतर ३६, पुढे ६ फेऱ्यांनंतर ७२, १२ फेऱ्यांनंतर १४४, २४ नंतर २८८. टाके वाढवायच्या फेऱ्या एवढ्याच. मधल्या जागेत कोणतीही जाळी विणा, ती वाढीच्या टाक्यांनी बिघडत नाही.

१९६८ साली त्यांनी बाळाचं एक जाकीट तयार केलं, ते तर जगभर गेलं. १६० टाके घालून सगळं सुलट विणत जायचं, ठरावीक दोन जागी आधी टाके कमी करायचे आणि मग वाढवायचे. हातात येतं एक वेडंवाकडं फडकं. त्याला दोन घड्या घातल्या की एकदम पाठ, पोट, बाह्या असलेलं जाकीट दिसतं. शिवायचं फक्त खांद्यावर. बारीक लोकर आणि बारीक सुई घेतली तर ते तान्ह्या बाळाला होतं, जाड घेतली तर मोठ्या मुलाला.

बाळाच्या टोपड्याची नाडी गोल विणायची त्यांची रीतही अशीच सोपी. दोन्ही टोकं उघडी असलेल्या सुईवर ३ टाके विणायचे, काम उलटायचं नाही, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, लोकर मागून ओढून घ्यायची आणि पुन्हा विणायचे. काही फेऱ्यांत नळीसारखी नाडी तयार होते. अशा युक्त्यांवर त्या स्वतःचा हक्क सांगत नसत. कुणीतरी, कुठेतरी हे आधी केलंच असणार, अशी त्यांची भूमिका.

गिऱ्हाईक कसं जमलं

१९६०च्या दशकात विस्कॉन्सिनच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर त्यांची विणकामाची मालिका झाली. १९७१ साली ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आलं, १९७४ साली वर्षाच्या बारा महिन्यांत विणायच्या वस्तूंचं ‘निटर्स अल्मनॅक’. दोन्हींचा सूर गप्पांचा. त्याच १९७४ साली विस्कॉन्सिनमध्येच विणणाऱ्यांचं निवासी शिबिर सुरू झालं. दरवर्षी उन्हाळ्यात लांबलांबून बायका यायच्या, सोबत आपले अर्धवट स्वेटर आणि अडलेले प्रश्न घेऊन. पुढे ही सगळी जबाबदारी मुलगी मेग स्वॉन्सन यांनी उचलली. झिमरमनबाई १९९९च्या नोव्हेंबरअखेर गेल्या, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला.

व्यापाराच्या नजरेने पाहिलं तर या बाईंनी उलटाच उद्योग केला. गिऱ्हाईक शहाणं झालं तर ते आपल्याकडे विचारायला येणार नाही, ही दुकानदाराची भीती असते. इथे शहाणं झालेलं गिऱ्हाईक जास्त धाडस करायला लागलं. पहिल्या स्वेटरने फसलेली बाई दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. पहिला अंगात नीट बसला, तर दुसऱ्याची लोकर घ्यायला तीच येते.

आपल्याकडे काय?

लोकर महाराष्ट्राला नवी नाही. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर भरड आणि टोचरी, म्हणून तिचं घोंगडं होतं. सणगर ते मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. अंगावर थेट घालायचा स्वेटर त्या लोकरीचा होत नाही. दुकानातली बहुतेक लोकर अ‍ॅक्रिलिकची. ती स्वस्त आणि धुवायला सोपी असते, आणि आपल्या थंडीला पुरते. तिच्यावर टक्केवारीचा हिशेब चालतो, फक्त कात्रीचा प्रयोग तिच्यावर करू नये. गुळगुळीत धागा कडेला धरून राहत नाही.

परदेशी कृती वाचून विणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडचे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई जाड होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा. आपली १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, त्यांची चक्क ६. कृतीत नंबर न बघता मिलिमीटर बघावेत.

आणि कुणा विणणारीच्या मनात गावात लोकरीचं दुकान काढायचं असेल, तर झिमरमनबाईंच्या अनुभवातून एवढं घ्यावं: तीस वाणांऐवजी चारच वाणं ठेवा, पण प्रत्येक रंगाचे स्वेटरपुरते गुंडे एकाच लॉटचे ठेवा. प्रत्येक लोकरीचा विणलेला तुकडा भिंतीवर टांगा, त्याखाली सुईचं माप आणि इंचातले टाके लिहा. दुकानात एक टेबल आणि चार खुर्च्या हव्यातच, अडलेली बाई तिथे बसली पाहिजे. कुरिअरची सोय पहिल्या दिवसापासून करा. आणि दुकान गणपतीत उघडा, थंडी पडल्यावर नको. हाताने विणायच्या स्वेटरला आठवडे लागतात. डिसेंबरात लोकर घेतली तर तो होळीला पुरा होतो.