गाडीची वही



लागवड, खते आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी आपल्या या पत्रिकेत जाणकार मंडळी लिहीतच असतात. आज मी लिहिणार आहे ते आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीविषयी. उसाचे बिल हाती आले, त्यात थोडे घरचे घातले आणि जुनी का होईना, चारचाकी घेतली, असे आपल्यापैकी पुष्कळांनी केले आहे. कोणाकडे बोलेरो, कोणाकडे जुनी जीप, कोणाकडे मारुती ८००. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी आपल्याकडे ती अजून दिसते. त्याचे बरेचसे श्रेय घरच्या पोरांचे आहे. कंपनीचे वर्कशॉप लांब, तिथली मजुरी जास्त, आणि ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या माणसाला ऑइल बदलणे, फिल्टर टाकणे, ब्रेक आवळणे ही कामे काही जड नाहीत. तेव्हा ती घरीच होतात.

कामे होतात, पण लिहिली जात नाहीत. वर्कशॉपला गाडी गेली की तिचे जॉबकार्ड बनते आणि किती किलोमीटरला काय केले हे त्यांच्या दप्तरी राहते. घरच्या गाडीचे दप्तर म्हणजे आपले डोके. आणि एकत्र कुटुंब असले की डोकी चार!

दुसऱ्याचे उदाहरण दिले तर राग यायचा, म्हणून माझेच देतो. आमच्याकडे एक जुनी डिझेल गाडी आहे. मी आणि धाकटा भाऊ, दोघेही तिचे काम करतो. त्या वर्षी गाळप हंगाम ऐन भरात होता. मी तोडीच्या मागे, तो ओलिताच्या मागे. ऑइल बदलायचे झाले आहे हे दोघांच्याही ध्यानात होते. कोठ्यात ऑइलचा रिकामा डबा पडलेला होता. तो पाहून मी समजलो भावाने बदलले. तोच डबा पाहून तो समजला मी बदलले. प्रत्यक्षात डबा गेला होता ट्रॅक्टरच्या इंजिनात.

फेब्रुवारीत वडिलांना तपासणीसाठी अकोल्याला न्यायचे होते. मेडशी सोडली, पातूरच्या बाजूने घाट लागला आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. पाठोपाठ इंजिनात खालून खडखड. गाडी बाजूला घेतली आणि घरी फोन लावला.

"काहून रे, ऑइल कवा बदललं होतं?"

"मी कुठं बदललं भाऊ? म्या त समजलो तुमीच बदललं असन."

मागच्या सीटवरून वडील म्हणाले, "दोन-दोन पोरं मिस्त्री, अन् गाडी घाटात." त्यांना दुसऱ्या गाडीला हात दाखवून पुढे न्यावे लागले, आजारी माणूस, वरून ऊन. पुढे इंजिन उघडले तर चेंबरमध्ये ऑइल कसले, काळा चिखल. ऑइलपंपाची जाळी त्या चिखलाने बुजलेली, त्यामुळे बेअरिंगला ऑइल पोचलेच नव्हते. बेअरिंग गेल्या, क्रँक घासून घ्यावा लागला. एका एकराचे उसाचे बिल त्यात गेले.

त्यानंतर शंभर पानी लांब वही आणली. रकाने पाडले: तारीख, मीटर, काय केले, कोणता माल घातला, कोणी केले, आणि शेवटचा सर्वांत रुंद रकाना 'काय दिसले'. तारखेपेक्षा मीटरचा आकडा महत्त्वाचा, कारण गाडी एखाद्या महिन्यात दोन हजार किलोमीटर धावते तर एखाद्या महिन्यात अंगणातच उभी असते. अर्थात ऑइल उभ्या गाडीतही जुने होते, म्हणून तारीखही हवीच. मालाच्या रकान्यात नुसते 'ऑइल' लिहून भागत नाही. १५ डब्ल्यू ४० की दुसरे कोणते, किती लिटर, फिल्टर कोणत्या कंपनीचा आणि त्याचा नंबर काय, हे सर्व लिहावे. पुढच्या वेळी दुकानदारासमोर "ते मागच्या टायमाले नेलं होतं तसंच द्या" असे म्हणावे लागत नाही. 'कोणी केले' हा रकाना पाहून आमचा भाऊ प्रथम हसला होता. पण भांडण मिटवले ते त्याच रकान्याने.

वही कुठे ठेवावी यावर मतभेद आहेत. गाडीत ठेवली तर ग्रीस लागते आणि गाडीबरोबर ती गावोगाव हिंडते. घरात ठेवली तर काम झाल्यावर हात धुऊन आत जाईपर्यंत माणूस विसरतो. आम्ही गाडीत खिशातली छोटी डायरी ठेवतो आणि आठवड्याला मोठ्या वहीत उतरवतो. डायरीला शिसपेन्सिल बांधलेली आहे, कारण तेलकट कागदावर बॉलपेन उमटत नाही. हल्लीची मुले मोबाइलवर लिहितात, फिल्टरच्या खोक्याचा फोटो काढून ठेवतात. ठीकच आहे. पण मोबाइल एकाच्या खिशात असतो आणि गाडी चौघांची असते.

ही काही मी शोधलेली युक्ती नव्हे. आपल्या कारखान्याच्या बॉयलरची दरवर्षी तपासणी होते आणि ती कागदावर नोंदली जाते, त्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. विमानाच्या सांगाड्याची आणि इंजिनाची लॉगबुके ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. रेल्वेत गाडी शेडमध्ये आली की ड्रायव्हर इंजिनाचे दुखणे वहीत लिही आणि फिटर त्यापुढे केलेली दुरुस्ती लिही. आपल्या कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. ते १९२३ पासून धावले ते १९९४ पर्यंत, म्हणजे ७१ वर्षे. एवढ्या काळात ते किती ड्रायव्हरांच्या आणि किती फिटरांच्या हातून गेले असेल! त्यातल्या कोणा एकाच्या डोक्यात त्याचा सारा इतिहास राहणे शक्यच नव्हते.

आता वहीचा खरा उपयोग सांगतो. ऑइल कधी बदलायचे याची आठवण होते, हा तर झालाच. पण त्याहून मोठा उपयोग आम्हांला पुढे अकस्मात कळला.

आमच्या गाडीत कूलंट कमी झाले की जो पाहील तो टाकी भरायचा. कधी मी, कधी भाऊ, कधी कॉलेजात जाणारा पुतण्या. प्रत्येकाला वाटायचे, थोडेसे कमी होते, घातले. एके दिवशी दुसरीच नोंद करायला वही उघडली, तर एकाखाली एक ओळी दिसल्या. ६१,२४० ला अर्धा लिटर, माझे अक्षर. ६१,७९० ला अर्धा लिटर, भावाचे अक्षर. ६२,१८० ला अर्धा, पुतण्याचे. ६२,४०० ला पुन्हा अर्धा, पुन्हा माझे. म्हणजे पहिले अर्धा लिटर साडेपाचशे किलोमीटरमध्ये गेले, दुसरे ३९० मध्ये, तिसरे अवघ्या २२० मध्ये. तिघांपैकी एकालाही हे दिसले नव्हते, कारण प्रत्येकाने एकदा किंवा दोनदाच घातले होते.

गाडीखाली ओल नव्हती, पाइप कोरडे, वॉटरपंप कोरडा. बाहेर गळत नाही तर पाणी आत जाते आहे. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडले (गरम इंजिनावर ते कधीही उघडू नये, वाफेने तोंड भाजते) आणि इंजिन सुरू केले, तर पाण्यात बुडबुडे. हेड गॅस्केट! सिलिंडरमधून पाण्याकडे जाणारी वाट उघडी पडली की स्फोटाचा दाब पाण्यात येतो आणि पाणी सिलिंडरमध्ये जाते. दुर्लक्ष केले तर इंजिन तापते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते. पाणी ऑइलमध्ये उतरले तर ऑइल ताकासारखे पांढुरके होते आणि बेअरिंगचे पुन्हा तेच. आम्ही वेळेत हेड उतरवले, पट्टी लावून पाहिले तर ते सरळ होते. गॅस्केट आणि एक दिवसाचे काम, एवढ्यावर निभावले.

म्हणूनच 'काय दिसले' हा रकाना रुंद ठेवावा. ऑइल सोडताना चेंबरच्या नटाला लोखंडाचा कीस चिकटला होता का, टायर एकाच कडेने झिजला का, ब्रेक ऑइल काळे पडले का. एकट्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. मागची काढून शेजारी ठेवली की ती बोलू लागते. सरासरीचेही तसेच. टाकी गच्च भरून मीटर लिहावे, पुढच्या वेळी पुन्हा गच्च भरून लिटर लिहावेत. ५१२ किलोमीटरला ३२ लिटर लागले तर सरासरी १६. ती हळूहळू १४ वर आली तर हवेचा फिल्टर, टायरची हवा आणि जाम झालेला ब्रेक आधी पाहावा, मग डिझेलपंपाला हात घालावा.

काही भाग असे आहेत की ते आगाऊ काहीच सांगत नाहीत, तिथे वहीशिवाय इलाज नाही. टायमिंग बेल्ट हा त्यांतला. मारुती ८०० मध्ये आणि इतरही पुष्कळ गाड्यांत हा रबरी दातेरी पट्टा असतो, काहींत त्याऐवजी चेन असते. पट्टा आवाज करत नाही, वास देत नाही, एक दिवस तुटतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. जुनी गाडी घेताना विकणारा म्हणतो, "आत्ताच टाकला." कागद दाखवला तर मानावे, नाहीतर नवा टाकून वहीची पहिली ओळ तिथूनच सुरू करावी.

टायरचेही सांगतो. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या गाड्याही शेलूबाजार, कारंजा येथून त्यावर चढू लागल्या. तिथे कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर ४० ने चालणारा टायर आणि तापलेल्या काँक्रीटवर तासभर १०० ने पळणारा टायर यांत फरक आहे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने होते. पाचही टायरांचे हे आकडे आमच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिले आहेत. स्टेपनीचा आकडा पाहून तर आम्हीच चकित झालो. ती गाडीच्या जन्मापासूनची होती.

कंपनीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर डोळे मिटून पाळू नयेत. धुळीच्या रस्त्यांसाठी बहुतेक पुस्तकांत वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक असते. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या आपल्या गाड्यांना तेच लागू. आमच्या वहीवरून दिसते की डिसेंबर ते मार्च हवेचा फिल्टर पावसाळ्यापेक्षा दुपटीने लवकर भरतो.

एक पथ्य मात्र पाळावे. जे केले तेच लिहावे. पुतण्याने एकदा 'चारही चाकांचे ब्रेक पाहिले' असे लिहिले. विचारले तर म्हणाला, "काका, दोन पायले, बाकीचे तसेच असतीन." ती ओळ खोडली नाही, खाली दुरुस्ती लिहून त्याची सही घेतली. खाडाखोड झालेल्या वहीवर घेणारा विश्वास ठेवत नाही, आपलाही राहत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. त्या आधी काय काय करून घ्यायचे याची यादी वहीतूनच निघते.

आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात, तसा ट्रॅक्टरलाही. त्या दिवशी सकाळी वही पहिल्या पानापासून वाचायची, असे आता ठरून गेले आहे. भाऊ वाचतो, मी ऐकतो, पुतण्या मीटर पाहून येतो, आणि वडील खाटेवरून विचारतात, "ऑइल बदललं का रे?" या वर्षीच्या पानावर तीन कामे उरली आहेत. मागच्या ब्रेकची लायनर, स्टेपनी, आणि दोन वर्षे झाली म्हणून ब्रेक ऑइल. पहिली दोन माझ्याकडे, तिसरे भावाकडे.